रात्रीचे वसुलीचे फोन आणि पतसंस्थेची जामीनकी: कर्ज थकलेल्या माणसाला कायद्याचे संरक्षण किती?

लेथवाला, उद्यमनगर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात टर्निंगचे जॉबवर्क करणारे लहानसे वर्कशॉप चालवतो. दोन वेगवेगळ्या कर्जप्रकरणांत सध्या अडकलो आहे आणि दोन्हीकडच्या वसुलीच्या माणसांनी घरात व धंद्यात बसणे अशक्य केले आहे, म्हणून येथील जाणकारांचा सल्ला मागत आहे.

पहिले प्रकरण एका खासगी बँकेच्या चार लाख रुपयांच्या वैयक्तिक कर्जाचे आहे. ज्या फौंड्रीचे काम मी प्रामुख्याने करतो, तिच्याकडील बिले तुंबल्यामुळे माझे तीन हप्ते थकले. कर्ज मी घेतले आहे आणि ते मलाच फेडायचे आहे, याबद्दल माझा काहीही वाद नाही. परंतु रात्री साडेनऊनंतर निरनिराळ्या क्रमांकांवरून फोन येतात. बोलणारा कधी स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवतो, तर कधी ‘कोर्टातून बोलतोय, तुमचे वॉरंट निघाले आहे’ असे सांगतो. गेल्या आठवड्यात दोघे जण वर्कशॉपवर आले, कामगारांसमोर मोठ्याने बोलले आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढून गेले. त्यांच्याकडे ओळखपत्र मागितल्यावर ‘ते ऑफिसात आहे’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर माझी पत्नी ज्या शाळेत शिकवते, तेथील मुख्याध्यापिकांनाही फोन गेला. आता ‘आज रात्रीपर्यंत पाच हजार माझ्या नंबरवर टाका, म्हणजे केस थांबवतो’ असा निरोप आला आहे.

दुसरे प्रकरण एका पतसंस्थेचे आहे. तेथे एका मित्राच्या कर्जाला मी जामीनदार आहे. मित्र हप्ते थकवून कोल्हापूर सोडून गेला. पतसंस्थेचा वसुली कर्मचारी संध्याकाळी घरी येऊन आईसमोर बसतो आणि ‘घर जप्त करू’ म्हणतो. घर वडिलांच्या नावावर होते; ते आता हयात नाहीत. शिवाय उपनिबंधक कार्यालयाकडून कलम १०१ ची नोटीसही आली असून तिच्यावर सुनावणीची तारीख आहे.

माझे विचारणे असे आहे की, या माणसांनी कोणत्या वेळी आणि कोणाशी बोलावे याला काही नियम आहेत का, असल्यास ते दोन्ही प्रकरणांना सारखेच लागू होतात का, आणि तक्रार नेमकी कोठे करायची? पोलीस ठाण्यात विचारले असता ‘हा पैशाचा दिवाणी मामला आहे’ एवढेच सांगण्यात आले.

माजी बँक अधिकारी, राजारामपुरी यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटी आला आहे, तो म्हणजे नियम दोन्ही प्रकरणांना सारखे आहेत का. ते सारखे नाहीत. आपल्याकडे गल्लोगल्ली बँका, वित्त कंपन्या, पतसंस्था आणि खासगी सावकार शेजारी शेजारी नांदतात, आणि लोक या सर्वांना ‘बँकवाले’ म्हणतात. परंतु देणारा कोण आहे यावर कोणता कायदा लागू होतो आणि कोणते दार ठोठवायचे हे ठरते. मी फक्त बँकेच्या प्रकरणाबद्दल लिहितो, कारण नोकरीची बरीच वर्षे मी वसुली विभागात काढली आहेत. पतसंस्थेबद्दल येथील वकील मंडळींनी लिहावे.

बँकांच्या वसुली एजंटांबाबत रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २००८ रोजी सविस्तर परिपत्रक काढले. प्रकरण एजन्सीकडे सोपवताना बँकेने ग्राहकाला त्या एजन्सीचा तपशील कळवावा, एजंटाने नोटिशीची प्रत, बँकेचे अधिकारपत्र आणि ओळखपत्र जवळ बाळगावे, एजंट व ग्राहक यांच्यातील फोनवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण व्हावे, अशा अपेक्षा त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. ‘ओळखपत्र ऑफिसात आहे’ म्हणणाऱ्या माणसाशी बोलण्याचे बंधन आपल्यावर नाही. त्याच परिपत्रकात एक कलम असे आहे की ज्याचा उपयोग फार कमी लोक करतात: कर्जदाराने तक्रार नोंदवलेली असेल, तर तिचा अंतिम निपटारा होईपर्यंत बँकेने ते प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये. ग्राहक केवळ त्रास देण्यासाठी वारंवार खोट्या तक्रारी करतो आहे असा पुरावा बँकेकडे असेल तर गोष्ट निराळी. म्हणूनच फोनवर भांडण्यापेक्षा लेखी तक्रारीला वजन आहे.

वेळेबाबतचा स्पष्ट नियम १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आला. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. कर्जदाराला चारचौघांत अपमानित करणे, त्याच्या कुटुंबीयांच्या, ओळखीच्या लोकांच्या किंवा अर्जात नाव दिलेल्या संदर्भ व्यक्तींच्या खासगीपणात घुसणे, मोबाइलवर अथवा समाजमाध्यमांवर अयोग्य संदेश पाठवणे, नाव न सांगता किंवा धमकीचे फोन करणे, सतत फोन करीत राहणे, खोटी व दिशाभूल करणारी माहिती देणे, हे सर्व त्यात निषिद्ध ठरवले आहे. आपण वर्णन केलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा त्यात उल्लेख सापडेल. आणि एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या कृतीची जबाबदारी बँकेचीच राहते; ‘तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे’ हे उत्तर बँकेला चालत नाही.

हे प्रकार का होतात, याचे कारणही सांगतो. एजन्सीला कमिशन वसूल झालेल्या रकमेवर मिळते. हप्ता थकून ३० दिवस झाले की खाते एका बकेटमध्ये (थकबाकीच्या गटात), ६० झाले की पुढच्या, आणि ९० दिवस ओलांडले की ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होते. महिनाअखेरीस खाते पुढच्या बकेटमध्ये घसरू नये यासाठी वरून ताण येतो, आणि तो शेवटी पंचवीस वर्षांच्या एखाद्या पोराच्या फोनमधून आपल्यापर्यंत पोहोचतो. त्या पोराची कीव येते, पण म्हणून त्याच्या वैयक्तिक क्रमांकावर एक रुपयाही टाकू नका. पैसे केवळ कर्जखात्यात भरावेत आणि पावती घ्यावी. एजंटाच्या खिशात गेलेली रक्कम खात्यात जमा झाली नाही, तर ती सिद्ध करण्याची यातायात आपल्यालाच करावी लागते.

आता कृती. प्रथम बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि शाखेत त्याची प्रत देऊन पोहोच घ्या. मजकूर साधारण असा असावा: ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या कर्जखात्यावर तीन हप्ते थकीत आहेत, हे मला मान्य आहे. या तारखांना, या वेळी, या क्रमांकांवरून संध्याकाळी सातनंतर फोन आले. अमुक तारखेला दोन अनोळखी व्यक्ती ओळखपत्राशिवाय माझ्या व्यवसायाच्या ठिकाणी आल्या. माझ्या पत्नीच्या नोकरीच्या ठिकाणी संपर्क साधण्यात आला. ती या कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार नाही. कृपया नियुक्त एजन्सीचे नाव व अधिकारपत्राची प्रत द्यावी, सदर संभाषणांचे ध्वनिमुद्रण जतन करावे आणि यापुढचा पत्रव्यवहार लेखी करावा. थकबाकीच्या परतफेडीचा माझा प्रस्ताव सोबत जोडला आहे.’ शेवटचे वाक्य गाळू नका. प्रस्ताव जोडलेली तक्रार वाचणाऱ्याला पळवाट शोधणारा माणूस दिसत नाही.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे न जाता थेट लोकपालांकडे गेल्यास तक्रार परत येते, हे मात्र लक्षात ठेवा, आणि तीस दिवस उलटल्यावर फार वेळ घालवू नका. याशिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात दाद मागता येते, त्यामुळे बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी आपल्याला कोल्हापूर सोडावे लागत नाही.

तडजोडीबद्दल एक शब्द. एजंट तोंडी ‘निम्म्यात मिटवून देतो’ म्हणत असेल तर बँकेच्या लेटरहेडवरील पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नका. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, ती बँकेची मर्जी असते, आणि ती झाल्यावर पतअहवालात खाते ‘बंद’ नव्हे तर ‘सेटल्ड’ असे दिसते, ज्याचा त्रास पुढचे कर्ज घेताना होतो. तीनच हप्ते थकलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दंडाचा हिशेबही तपासा: १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर थकबाकीवरचा दंड हा व्याजदरात मिसळता येत नाही, तो ‘दंडात्मक शुल्क’ म्हणून वेगळा दाखवावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

वकील, कसबा बावडा यांचे उत्तर

बँकेबद्दल वर सविस्तर आले आहे, त्यामुळे मी पतसंस्था आणि पोलीस एवढ्यापुरतेच लिहितो.

सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि तिच्यावर सहकार खात्याच्या निबंधकांची देखरेख असते. त्यामुळे आठ ते सातचा नियम दाखवून किंवा लोकपालांकडे तक्रार करून या प्रकरणात काही साधणार नाही. सीमाभागामुळे आपल्याकडे मल्टिस्टेट संस्थाही पुष्कळ आहेत. आपली संस्था तशी असेल तर कायदाच वेगळा आहे आणि वाद लवादाकडे जातो. आपल्याला कलम १०१ ची नोटीस उपनिबंधकांकडून आली आहे, त्यावरून ती राज्याच्या कायद्याखालची दिसते.

जामीनदाराबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करतो. ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे जामीनदाराला म्हणता येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था थेट आपल्याकडे येऊ शकते. मात्र आपण भराल ती रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम १४५ ने आपल्याला दिला आहे, म्हणून प्रत्येक भरण्याची पावती स्वतःच्या नावाने घ्या.

आता सहकारी संस्था अधिनियमाचे कलम १०१. या कलमाखाली निबंधक चौकशी करून वसुली दाखला देतात. दाखला मिळाल्यावर विशेष वसुली अधिकारी नियम १०७ मधील पद्धतीने, म्हणजे मागणी नोटीस, जप्ती, विक्रीचा जाहीरनामा अशा क्रमाने, मालमत्तेवर कारवाई करू शकतो. दाखल्यापूर्वी घरी येऊन बसणाऱ्या कर्मचाऱ्याला जप्तीचा कोणताही अधिकार नाही. तो विनंती करू शकतो, आठवण करून देऊ शकतो, आणि आपण ‘निघा’ म्हटल्यावर त्याला निघावे लागते.

लोक नेमके येथेच गाफील राहतात. कर्मचाऱ्याच्या धमकीने त्यांची झोप उडते, पण निबंधक कार्यालयाचा लिफाफा ते न फोडता कपाटावर ठेवतात. धमकीला कायद्यात किंमत नाही आणि लिफाफ्याला आहे. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, परंतु त्याला दोन महिन्यांची मुदत आहे आणि वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम संस्थेत भरल्याशिवाय तो अर्ज विचारातच घेतला जात नाही. त्यापुढे उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाल्याने मुंबईची खेप वाचली आहे, हे खरे. पण खर्च आणि वेळ वाचलेला नाही. म्हणून जे काही म्हणायचे आहे ते पहिल्या सुनावणीतच, लेखी, आणि पोहोच घेऊन म्हणायला हवे.

लेखी म्हणण्यात भावनेला जागा नाही, आकड्यांना आहे. कर्जाचा संपूर्ण खातेउतारा मागा. पतसंस्थेत जामीनदार हा बहुधा सभासद असतोच, आणि कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या दप्तरातील स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. व्याजाचा दर कर्जरोख्यात लिहिलेला आहे तोच लावला आहे का, मित्राने भरलेले हप्ते जमा धरले आहेत का, त्याचे शेअर्स आणि ठेव वळती केली आहे का, कर्जाचे नूतनीकरण करताना जामीनदार म्हणून आपली सही नव्याने घेतली होती का, या चार प्रश्नांत बहुतेक प्रकरणांतील त्रुटी सापडतात. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे: कराराच्या अटी जामीनदाराच्या संमतीविना बदलल्या असतील, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होऊ शकतो.

घराबाबत: वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर घरात आई आणि सर्व भावंडे यांचे समान हिस्से आहेत. आपल्या जामीनकीपोटी कारवाई होऊ शकते ती आपल्या अविभक्त हिश्श्यापुरती. आईंनी कोठेही सही केलेली नसेल, तर त्यांचा हिस्सा जप्त होत नाही. हे त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगा.

पोलिसांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. कर्ज थकणे हा दिवाणी विषय आहे आणि त्यासाठी कोणी अटक करू शकत नाही. परंतु वसुलीच्या नावाखाली केलेले कृत्य फौजदारी असू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मधील धमकी ही केवळ शरीराला इजा करण्याची नसते; प्रतिष्ठेला किंवा मालमत्तेला बाधा आणण्याची भीतीही त्यात येते. स्वतःला न्यायालयाचा अथवा पोलीस खात्याचा माणूस म्हणवून तोतयेगिरी केली, तर कलम २०४ पाहावे. साध्या धमकीची बहुधा अदखलपात्र नोंद होते. ती ‘नुसती एन.सी.’ म्हणून नाकारू नका, कारण बँकेकडे, लोकपालांकडे आणि ग्राहक आयोगात तोच कागद पुरावा ठरतो. तोंडी न सांगता लेखी अर्ज द्या. दखलपात्र गुन्हा असूनही नोंद झाली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवण्याची तरतूद आहे.

फोनवरील संभाषण आपण स्वतः ध्वनिमुद्रित करू शकता. फाइल दुसऱ्या ठिकाणी जरूर ठेवा, परंतु मूळ फोन विकू अथवा रिसेट करू नका. पुढे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, तेव्हा मूळ उपकरण हाती असलेले बरे.

एका पतसंस्थेचा संचालक, कागल यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही दुसरी बाजू मांडतो. पतसंस्थेत ठेव ठेवणारा माणूस म्हणजे निवृत्त शिक्षक, दूध घालणारी मावशी, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणारा शेतकरी. कर्ज परत आले नाही की त्याची ठेव अडकते, आणि मग तो आमच्या दारात बसतो. कर्मचारी घरी जातो याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की जामीनदार फोन उचलत नाही आणि पत्र घेत नाही. तरीही वयस्कर आईसमोर बसून जप्तीची भाषा करणे चुकीचेच आहे, आणि संचालक मंडळाला लेखी कळवल्यास कोणतीही शहाणी संस्था त्या कर्मचाऱ्याला आवरेल.

माझी सूचना अशी की सुनावणीपूर्वी अध्यक्षांना किंवा व्यवस्थापकांना दुपारच्या वेळी कार्यालयात जाऊन भेटा. मित्राचा ठावठिकाणा, त्याची गाडी, प्लॉट, नोकरी यांची जी माहिती आपल्याला आहे ती लेखी द्या. मुख्य कर्जदाराची मालमत्ता सापडली तर संस्थेलाही जामीनदाराच्या मागे लागण्यात रस नसतो, आणि हप्ते पाडून घेण्याचा ठराव मंडळ करू शकते.

शिक्षिका, इचलकरंजी यांचे उत्तर

मूळ प्रश्नाला लागूनच एक मुद्दा जोडते, कारण आमच्या भागातील अनेक जणी हे वाचत असतील. बचत गटाच्या नावाने ओळखली जाणारी मायक्रोफायनान्सची कर्जे या सर्वांपेक्षा निराळी आहेत. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत आहे त्याला तारणाशिवाय दिलेल्या अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे स्वतंत्र निर्देश आहेत. त्यांत वसुलीची वेळ आणखी कमी आहे: सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर नाही. वसुली दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागी व्हायची असते. कर्जदार तेथे लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही, तरच कर्मचाऱ्याने घरी अथवा कामाच्या जागी यायचे. मागावर रात्रपाळी करणाऱ्या नवऱ्याला उठवून, गल्लीतल्या बायका गोळा करून ‘हिचा हप्ता तुम्ही भरा’ म्हणणे कोणत्याच नियमात बसत नाही.

आणि मूळ प्रश्नकर्त्यांना: वहिनींच्या शाळेत फोन गेला असेल, तर मुख्याध्यापिकांकडून त्या फोनची तारीख, वेळ आणि क्रमांक एका कागदावर लिहून घ्या. त्रयस्थ व्यक्तीची सही असलेला असा कागद तक्रारीसोबत फार उपयोगी पडतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, तेव्हा वहिनी स्वतःच्या नावाने वेगळी तक्रारही करू शकतात. त्रास त्यांनाही झाला आहे आणि त्या तर कर्जदारही नाहीत.

लेथवाला, उद्यमनगर

सर्वांचे मनापासून आभार. बँकेला ईमेल पाठवला असून शाखेतही प्रत देऊन शिक्का घेतला आहे. पतसंस्थेत खातेउताऱ्यासाठी अर्ज दिला आहे. आता दोन शंका राहिल्या आहेत. बँकेकडून राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली आहे आणि एजंटाचे म्हणणे असे की त्या दिवशी गेलो नाही तर वॉरंट निघेल. दुसरे म्हणजे, जामीनकी देताना पतसंस्थेने माझे दोन सही केलेले कोरे धनादेश घेतले होते. त्यांचे काय होऊ शकते?

वकील, कसबा बावडा

लोकअदालतीची नोटीस हे वॉरंट नव्हे आणि त्याची पूर्वतयारीही नव्हे. न्यायालयात दावा दाखल होण्याआधी तडजोड होते का हे पाहण्यासाठी बँका अशी दाखलपूर्व प्रकरणे लोकअदालतीत ठेवतात. तेथे न गेल्यामुळे कोणाला अटक होत नाही, आणि आपल्या संमतीवाचून आपल्याविरुद्ध काही ठरतही नाही. नोटीस खरी आहे का याची खात्री जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करून घ्या. तरीही आपण जावे असे मी सुचवीन, कारण तेथे एजंटाऐवजी बँकेचा अधिकार असलेला अधिकारी समोर असतो आणि दंडात्मक शुल्क कमी करण्याची बोलणी तेथे बरी होतात. मात्र एक पथ्य पाळा: लोकअदालतीतील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसते. बिले येतील या भरवशावर मोठा हप्ता कबूल करू नका. फौंड्रीचे पैसे एक महिना लांबले तरी जो हप्ता भरता येईल तेवढ्याच आकड्यावर सही करा.

धनादेशाचा विषय अधिक गंभीर आहे. सही केलेला कोरा धनादेश स्वेच्छेने दिला असेल, तर त्यातील रक्कम दुसऱ्याने भरली एवढ्या कारणाने धनादेश न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ मधून (परक्राम्य संलेख अधिनियम) सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. ‘कर्ज थकल्याने तुरुंग होत नाही’ हे वाक्य येथे अपुरे पडते, कारण धनादेश न वटणे हा गुन्हा आहे. बँकेच्या हप्त्यासाठी दिलेल्या इलेक्ट्रॉनिक आदेशाबाबतही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात तशीच तरतूद आहे. म्हणून आजच संस्थेला पत्र द्या: दोन धनादेशांचे क्रमांक लिहा, ते तारण म्हणून कोरे दिले होते असे नमूद करा, आणि ठरलेल्या थकबाकीपेक्षा अधिक रक्कम त्यांवर भरू नये असे कळवा. यामुळे धनादेश रद्द होत नाही, पण पुढे बचाव करताना आपली भूमिका वाद सुरू होण्यापूर्वीची होती हे दाखवता येते. धनादेश परत गेल्याची नोटीस आलीच, तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवस हातात असतात. त्या पंधरा दिवसांत एक तर रक्कम भरायची किंवा वकिलामार्फत उत्तर द्यायचे. नोटीस घेण्यास नकार देऊन उपयोग होत नाही, कारण योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे गृहीत धरले जाते.

कलम १०१ च्या सुनावणीला खातेउतारा हाती नसेल, तर त्याच कारणास्तव मुदत मागणारा अर्ज द्या आणि अर्जाच्या स्वतःकडील प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घ्या. तारीख कोणती दिली ते रोजनाम्यात पाहूनच बाहेर पडा.